एकसष्टावे मूल

"घरात सहा वर्षांचं कुणी आहे का हो?"

हा प्रश्न बाई कोणालाही विचारत. दुकानात आपण सुटे आहेत का म्हणून विचारतो, तितक्या सहज. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, बँकेतल्या कॅशियरला, एकदा तर त्यांचा रक्तदाब तपासत असलेल्या डॉक्टरीणबाईंना. 'नाही' असे उत्तर आले की त्या हिरमुसत नसत. "शेजारी?" हा पुढचा प्रश्न तयार असे.

महापालिकेच्या शाळेसमोरून तुम्हीही रोज जात असाल आणि आत कधी डोकावला नसाल. मीही डोकावलो नव्हतो. बिबवेवाडीत आमची सोसायटी आणि ती शाळा यांच्यामध्ये फक्त एक गल्ली आणि एक रसवंतीगृह. मी एका खासगी कंपनीत हिशेब तपासतो. शाळेच्या घंटेवर घड्याळ लावायचे, एवढाच माझा तिच्याशी संबंध होता. एके रविवारी त्या शाळेच्या बाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी वरचा प्रश्न विचारला. माझा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. तसे सांगितल्यावर त्यांनी मला एकदा नीट न्याहाळले.

"मग तुम्हीच या. व्यवस्थापन समितीवर एक शिक्षणप्रेमी नागरिक लागतो."

"मी शिक्षणप्रेमी आहे असं कुणी सांगितलं?"

"दार पूर्ण उघडलंत ना. या जिन्यातले बाकीचे साखळी लावून बोलतात."

अशा रीतीने मी शिक्षणप्रेमी झालो.

मुले त्यांना मोठ्या बाई म्हणत, कारण त्या मुख्याध्यापिका होत्या. उंचीने त्या चौथीतल्या दोन मुलींपेक्षा कमी भरत. स्कूटीवर बसल्या की समोरून फक्त हेल्मेट येताना दिसे. शाळेत दुसऱ्या होत्या त्या धाकट्या बाई. त्या चांगल्या सहा फुटांच्या आसपास. या नावांचा नव्या पालकांना काही दिवस त्रास होई.

समितीच्या पहिल्याच बैठकीत मी स्वभावाप्रमाणे आकडा विचारला. शाळेत शिक्षक किती?

"ते मुलं ठरवतात," बाई म्हणाल्या.

मला वाटले, शिक्षकदिनाच्या भाषणातले वाक्य असावे. पण तो चक्क नियम निघाला. सप्टेंबर संपताना पटावर जितकी मुले असतील, त्या हिशेबाने शाळेला शिक्षक मंजूर होतात. साठ मुलांपर्यंत दोन. एकसष्टावे मूल आले की तीन. बरे, मूल नुसते येऊन भागत नाही. त्याचे आधार कार्ड संगणकाला पटावे लागते. तोवर ते मूल बाकावर बसते, खिचडी खाते, भांडते, रडते, पण मोजले जात नाही. पट कमी भरला तर तिसरा शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि जिथे जागा असेल तिथे त्याची रवानगी होते.

"म्हणजे साठ आणि एकसष्ट यांच्यामध्ये एक अख्खा शिक्षक आहे," मी म्हणालो.

"शिक्षक नाही हो," बाई म्हणाल्या. "अख्खी पहिली आहे."

याचा अर्थ मला धाकट्या बाईंनी सांगितला. शाळेत वर्ग चार. तिसरे शिक्षक येण्याआधी या दोघींनी दोन खोल्यांत चार वर्ग सांभाळले. पहिलीची मुले चौथीच्या मागे बसत. फरशी बसवणाऱ्यांची, रंगकाम करणाऱ्यांची, घरकाम करणाऱ्यांची मुले ती. निम्म्यांची घरची भाषा वेगळी. त्या वर्षी पहिलीतली एक मुलगी घरी जाऊन प्रतापगडाची सगळी हकीकत हातवाऱ्यांसह सांगायची. आईबाप खूश. वर्ष संपल्यावर कळले की तिला स्वतःचे नाव लिहिता येत नाही.

मग सर आले. सांगलीकडचा किडकिडीत तरुण. पहिले तीन दिवस पहिलीचा वर्ग रडला, आणि धाकट्या बाईंच्या मते तिसऱ्या दिवशी सरही. चौथ्या दिवशी त्यांनी खुर्ची बाहेर ठेवली, जमिनीवर बसले आणि 'शू लागली' हे कानडीत, लमाणीत, भोजपुरीत आणि नेपाळीत कसे म्हणतात ते मुलांकडून शिकून घेतले. रडणे थांबले. दिवाळीपर्यंत पहिलीतली बहुतेक मुले आपापली नावे लिहीत होती. कुठेही. एक रसवंतीच्या भिंतीवर अजून आहे.

आता असा माणूस बाई सोडतील काय?

नियमाच्या आधी त्यांना नेमणुकांपासून वाचवणे भाग होते. शाळेत तरुण पुरुष शिक्षक आहे असे कळले की कोणते ना कोणते सर्वेक्षण त्याला शोधत येते. एकदा शिक्षण विभागातल्या साहेबांचा फोन आला, दोन आठवड्यांसाठी एक शिक्षक पाठवा. बाईंनी फोनवरच हळहळून सांगितले, "पाठवले असते हो, पण सरांना डोळे आलेत. घरोघर फिरणार, आणि सगळ्या वॉर्डाला देणार." साहेब म्हणाले, नको नको. खात्री करायला कोणी येईल म्हणून सर पंधरवडाभर काळा चष्मा लावून शिकवत होते. पहिलीच्या मुलांनी घरी काळ्या चष्म्यासाठी हट्ट धरले. दोघांनी तर मिळवलेही.

मी समितीचा सभासद. मला हे पटले नाही. बाईंना तसे स्पष्ट सांगितले की हे खोटे आहे.

"तोंडी आहे ना?" बाई म्हणाल्या. "तोंडी मी काय वाट्टेल ते सांगते. लेखी कधी खोटं लिहिलंय का, दाखवा."

दाखवता आले नाही. मी शोधले होते. त्या बाबतीत त्या माझ्यापेक्षा कडक होत्या. समितीतल्या एका पालकाने एकदा सहज सुचवले की गावाकडच्या पुतण्याचे नाव पटावर टाकू, त्याचे आधार कार्डही आहे. बाईंनी शांतपणे विचारले, "आणि तो प्रार्थनेला कुठे उभा राहणार? तुमच्या खांद्यावर?"

तर त्या वर्षी ऑगस्टपर्यंत पट बरोबर एकसष्ट होता. मग फरशीवाल्या एका कुटुंबाचे इथले काम संपले आणि ते खराडीच्या साइटवर गेले. त्यांच्याबरोबर तिसरीतले एक मूल गेले. राहिले साठ. सर जाणार आणि पहिली पुन्हा चौथीच्या मागे जाऊन बसणार, हे आता गणित होते. त्यात भावनेचा प्रश्नच नव्हता.

बाईंनी मला स्कूटीवर मागे बसवले आणि आम्ही मूल शोधायला निघालो. माझे वजन आणि बाईंचे वजन यांचे प्रमाण पाहता स्कूटीचे पुढचे चाक अधूनमधून विचारात पडे. "पुढे सरका," बाई ओरडत, "नाहीतर आपण आकाशात जाऊ." वस्त्या झाल्या, गॅरेजे झाली, मंगल कार्यालयाच्या मागचे आचारी झाले. सगळीकडे बाईंना लोक ओळखत. काही जण लांबूनच ओरडत, "नाही हो बाई, अजून तीनच वर्षांचा आहे!"

शेवटी एका नव्या इमारतीच्या वॉचमनकडे दोन मुले असल्याचे कळले. यवतमाळकडचे कुटुंब, महिनाभरापूर्वी आलेले. मुलगा तिसरीच्या वयाचा, मुलगी पहिलीच्या. दोघे दिवसभर वाळूच्या ढिगावर. बाईंनी स्कूटी जवळजवळ त्या ढिगावरच चढवली.

आणि पाहतो तो पत्र्याच्या खोलीपुढे, उलट्या घमेल्यावर, मांडीवर फाईल घेऊन गुरुजी बसलेले.

गुरुजी म्हणजे दोन गल्ल्या पलीकडच्या महापालिका शाळेचे मुख्याध्यापक. अत्यंत नियमाचा माणूस. त्यांच्या शाळेच्या फाटकावर पाटी होती: 'प्रवेश सुरू आहेत. चौकशीची वेळ अकरा ते बारा. विनाकारण चौकशी करू नये.' मुले शोधत फिरणे त्यांना कमीपणाचे वाटे. बाईंच्या या उद्योगाला ते 'पळवापळवी' म्हणत, आणि ते फारसे चूक नव्हते.

"गुरुजी, तुम्ही?" बाई म्हणाल्या. "साडेअकरा वाजलेत की. तिकडे कुणी चौकशीला आलं म्हणजे?"

"टोमणे नंतर मारा," गुरुजी म्हणाले. "माझीही साठच भरलीत."

दोघेही एकदम मुलांच्या आईकडे वळले. ती चुलीपुढे भाकरी थापत होती आणि आपल्या दारात दोन हेडमास्तर का भांडतात हे तिला उमगत नव्हते. गुरुजी म्हणाले, माझी शाळा जवळ आहे. बाई म्हणाल्या, माझ्याकडे पहिलीला स्वतंत्र सर आहेत.

"तुमच्याकडे नाही का?" आईने गुरुजींना विचारले.

गुरुजी खोटे बोलू शकले असते. त्यांनी फाईलकडे पाहिले. "आहेत," ते म्हणाले. "सप्टेंबरपर्यंत."

मला दोघांचीही कीव आली आणि मी हिशेबनीसाचा तोडगा काढला. मुले दोन, शाळा दोन, दोघांनाही एक-एकच हवे. एक यांना, एक त्यांना. दोन्हीकडे एकसष्ट.

"काहून?" मुलांची आई कडाडली. "लेकरं का वांगे हायेत, अर्धे याईले न् अर्धे त्याईले? दोघं संगंच जातीन. नाही तं कुठीच नाही जानार."

हे बोलणे होईपर्यंत तिची धाकटी मोठ्या बाईंच्या मांडीवर बसून त्यांच्या पर्सची चेन उघडझाप करू लागली होती. निकाल लागला. गुरुजी उठले, पँटची माती झटकली, "अभिनंदन" म्हणाले आणि छत्री काखेत धरून निघून गेले. वळून पाहिले नाही.

परत येताना मी आपला आकडा सांगितला. "बासष्ट झाली. नियमाला एकसष्ट पुरतात. एक जास्तीचं आहे."

बाईंनी भर रस्त्यात ब्रेक दाबला. मागच्या टेम्पोवाल्याने दोघांच्याही घराण्यांचा उद्धार केला.

"काय म्हणालात?"

"एक जास्तीचं."

"देते," बाई म्हणाल्या. "मी त्यांना एक देते."

कोणते द्यायचे हे त्यांच्या मनात तिथेच ठरले होते. दुसरीतली एक मुलगी गुरुजींच्या शाळेच्या अगदी समोर राहत असे. तिला बाईंनी वर्षभरापूर्वी, शाळेची घंटा वाजवायला देईन या आमिषावर पळवले होते. तेव्हापासून आमची घंटा तीच वाजवे. तिची आजी दुखऱ्या घोट्याने तिला रोज मोठा रस्ता ओलांडून आणे. आजीला विचारल्यावर ती म्हणाली, "देव पावला." मुलीला विचारल्यावर ती म्हणाली, "घंटा?"

मग बाई मला घेऊन गुरुजींकडे गेल्या. बरोबर सव्वाअकराला, म्हणजे कायदेशीर वेळेत. गुरुजींना आधी ही थट्टाच वाटली. खरे आहे हे कळल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"दाखला रीतसर लागेल."

"आणलाय. आणि एक अट आहे. घंटा तिनं वाजवायची."

"ते जमणार नाही. घंटा शिपाई वाजवतो."

"मग एकसष्टावं मूल शिपायाकडून आणा."

"मधल्या सुट्टीची वाजवू दे," गुरुजी अखेर म्हणाले. "आणि सुटण्याची. भरण्याची नाही."

मी दोन्ही शाळांचे सगळे कागद तपासले. मुले खरी, दाखला खरा, मुलगी राहते तिथली शाळा खरी. कुठेही काही वावगे नव्हते. दोन शाळा, प्रत्येकी एकसष्ट. वॉचमनच्या धाकटीच्या आधारचे तेवढे अडले होते, कारण केंद्रावरच्या यंत्राला तिची बोटे उमटत नव्हती. महिनाभर वाळूत खेळून ठसेच झिजले होते. बाईंनी तिचा हात आठवडाभर रोज खोबरेल तेल लावून चोळला. दुसऱ्या खेपेला यंत्र मुकाट्याने हो म्हणाले.

घंटेवाल्या मुलीला नव्या शाळेत सोडायला बाई स्वतः गेल्या. त्या दिवशी मी काही सह्यांसाठी शाळेत गेलो, तर त्या ऑफिसात नुसत्या बसून होत्या. हाक मारली तर बोट ओठांवर ठेवून गप्प राहायला सांगितले. दोन गल्ल्या पलीकडे मधल्या सुट्टीची घंटा सुरू झाली होती आणि थांबायचे नाव घेत नव्हती.

"बघा कशी बडवतेय कार्टी," बाई म्हणाल्या. "गुरुजींचे कान गेले आता." आणि पदराने डोळे टिपले. ते आलेले नव्हते, एवढे मी खात्रीने सांगतो.

दोन्ही शाळांना तीन-तीन शिक्षक मंजूर झाले. सर राहिले. पहिलीचा वर्ग पहिलीच्या खोलीत राहिला.

पण माझ्या हिशेबातून एक गोष्ट सुटली होती. ती बाईंना पहिल्यापासून माहीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात साहेबांनी सांगितले की त्यांची जागा यथावकाश भरली जाईल. बाई शेजारी बसलेल्या मला कुजबुजत म्हणाल्या, "यथावकाश म्हणजे वॉचमनच्या पोरीचं लग्न ठरेपर्यंत." मग त्या खराडीला मुलीकडे राहायला गेल्या. अकराव्या मजल्यावर. तिथून खाली मुले दिसतात, पण ओळखू येत नाहीत अशी त्यांची तक्रार.

जूनमध्ये शाळा उघडली ती मंजूर तीन, हजर दोन अशी. धाकट्या बाईंकडे मुख्याध्यापकपदाचा भार आला. मुख्याध्यापक म्हणजे सभा. आठवड्यात एकदा, कधी दोनदा, त्या फाईल घेऊन निघत आणि मग चार वर्गांवर सर एकटे. गॅलरीतून मला दिसायचे. पहिलीच्या खोलीला कडी, आणि पहिलीची नवी मुले चौथीच्या मागे ओळीने, तोंड उघडे ठेवून, प्रतापगड ऐकत बसलेली. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते बाईंच्या स्वतःच्या जाण्याने वाया चालले होते. त्यांना फोनवर हे सांगायचे मी टाळत असे. त्याही विचारायचे टाळत.

जुलैच्या मध्यावर एका सभेच्या दिवशी पाहतो तर धाकट्या बाई शाळेतच, आणि पहिलीच्या खोलीचे दार उघडे. मी चौकशीला गेलो. धाकट्या बाई म्हणाल्या, "गुरुजी सकाळी आले होते. म्हणाले, कागद माझ्याकडे द्या, दोन्ही शाळांचे मीच देतो. तुम्ही वर्गावर जा. मी म्हटलं, सभेत माझं नाव घेतील. तर म्हणाले, घेऊ देत."

सभेत काय झाले ते दुसऱ्या दिवशी सगळ्या वॉर्डाला माहीत होते. साहेबांनी आमच्या शाळेचे नाव घेतले. कोणी उठले नाही. साहेबांनी आवाज चढवून विचारले, प्रभारी मुख्याध्यापिका कुठे आहेत? तेव्हा मागच्या रांगेतून गुरुजी उठले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत सभेत एकदाही न बोललेला माणूस.

"त्या वर्गात शिकवतायत, साहेब," गुरुजी म्हणाले. "शिकवणं थांबवून बोलवायचं असेल तर तसा लेखी आदेश द्या. मी नेऊन देतो."

सभागृहात कोणीतरी खोकले. मग बरेच जण खोकले. साहेबांनी थोडा वेळ कागद चाळले आणि पुढचा विषय घेतला. तेव्हापासून सभांना गुरुजी दोन फाईली घेऊन जातात. आमच्या शाळेचे नाव घेणे साहेबांनी सोडून दिले आहे.

त्याच संध्याकाळी मी बाईंना फोन लावला आणि सगळे पहिल्यापासून सांगितले.

"गुरुजी?" बाई म्हणाल्या. "उठून उभे राहिले?"

"उभे राहिले."

"आणि लेखी मागितलं?"

"लेखी."

मग त्या हसू लागल्या. इतक्या की पलीकडून त्यांची लेक काय झाले म्हणून विचारत आल्याचे ऐकू आले. हसणे ओसरल्यावर त्यांनी विचारले, "साहेबांचं तोंड कसं झालं होतं हो?"

"ते मला कसं ठाऊक? मी तिथे नव्हतो."

"हो, खरंच," बाई म्हणाल्या. थोडा वेळ फोनवर नुसता अकराव्या मजल्यावरचा वारा येत राहिला. मग म्हणाल्या, "मीही नव्हते."